दुसऱ्या आणि तिसऱ्या घटकाचे पाठ

शनिवारी सकाळी सव्वासातला परसू बंगळूरच्या बेळ्ळंदूर भागातल्या खोलीतून निघाला तेव्हा त्याचे डोळेही नीट उघडत नव्हते. आठवडाभर कंपनीत सर्व्हर बदलायचं काम चाललं होतं. बावन्नाव्या वर्षी टेबलाखाली शिरून तारा ओढल्या की कमर दोन दिवस बोलत राहते. आजचा दिवस झोपायचा होता. पण राजाजीनगरच्या नंदकिशोर सरांना त्यानं मार्चपासून तीन वेळा ‘येतो’ म्हणून सांगितलं होतं आणि तिन्ही वेळा तो गेला नव्हता. चौथ्यांदा नाही म्हणायची त्याला लाज वाटली.

नंदकिशोर सरांची संस्था लहान होती. नाव ‘श्रवणपाठ’. दृष्टी नसलेल्या मुलांसाठी शाळेची पुस्तकं मोठ्यानं वाचून घ्यायची आणि ते आवाज शाळांना पाठवायचे, एवढंच काम. कन्नड पुस्तकं होतीच, पण बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतल्या मराठी शाळांसाठी मराठी पुस्तकंही होती. परसू मूळचा निपाणीजवळचा, अशाच एका शाळेत शिकलेला. त्यामुळं संस्थेचे कॉम्प्युटर तो सवड मिळेल तशी बघायचा. बहुतेक वेळा फोनवरच.

मॅजेस्टिकपर्यंत बस आणि पुढं मेट्रो करून तो पोचला तेव्हा साडेनऊ वाजले होते. नंदकिशोर सर दारातच उभे होते. पुण्याहून येऊन त्यांना बंगळूरात चौदा वर्षं झाली होती. माणूस सज्जन, पण कायम कुठल्या तरी पत्राला उत्तर द्यायचं राहिलंय अशा चेहऱ्याचा.

“आलात. बरं झालं. चहा नंतर घेऊ, आधी हे बघा.”

त्यांनी आपल्या मॅकवर संस्थेचा सर्व्हर उघडला. सर्व्हर म्हणजे कोपऱ्यातल्या कपाटात ठेवलेला एक डबा. सगळे आवाज त्यात राहत, आणि ऑफिसातली सगळी मशीनं तारेनं त्याच्याशी जोडलेली. सातवीच्या मराठीच्या फोल्डरमध्ये दोनच फोल्डरं होती: ‘पहिल्या घटकाचे पाठ’ आणि ‘चौथ्या घटकाचे पाठ’.

“दुसरा आणि तिसरा घटक गायब,” सर म्हणाले. “बावीस पाठ. फेब्रुवारीत जुन्या डिस्कवरून सर्व्हरवर घेतले आणि डिस्क पुसून नव्या कामाला दिली. मार्चमध्ये संपादनाला बसलो, तर हे असं.”

“पुन्हा वाचून घ्यायचे न्हवं?”

“कोणाकडून? भार्गवीअक्कांनी वाचलेत ते.”

भार्गवीअक्का चामराजपेटच्या, मराठीच्या निवृत्त शिक्षिका. अकरा वर्षं त्या बसनं येऊन संस्थेत फुकट वाचत होत्या.

“मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं,” सर म्हणाले. “स्वरयंत्र काढलं. आता त्या बोलत नाहीत. दुसऱ्या एकदोघांना वाचायला बसवून बघितलं, पण अर्धं पुस्तक एका आवाजात आणि अर्धं दुसऱ्यात. जूनमध्ये शाळा सुरू होतात. म्हणून म्हटलं, पुसलेल्या डिस्कवरून काही निघतंय का ते तुम्ही बघा. शेवटचा उपाय.”

परसूनं खांद्यावरची बॅग खाली ठेवली. “ऑफिसातली कावेरी कुठाय? कॉपी तिनंच केलेली. तिला विचारतो.”

“कावेरी नाही आता. मार्चमध्येच गेली.”

“गेली म्हणजे?”

“मीच सांगितलं, येऊ नका म्हणून. ती म्हणत होती, चारही फोल्डर सर्व्हरवर होते, मी डोळ्यांनी बघितलेत. तिला म्हटलं, दाखवा. तर दाखवता येईना. तिची मशीन सर्व्हरला जोडलीच जाईना. म्हणजे एक तर अर्धीच कॉपी करून डिस्क पुसली, नाहीतर नंतर चुकून उडवले. मान्य केलं असतं तरी चाललं असतं. ती शेवटपर्यंत एकच म्हणत राहिली, मी बघितलेत. आणि तुम्हालाही विचारलं होतं ना मी फोनवर. तुम्ही म्हणालात, मशीन आपणहून फाईल पुसत नाही, माणूसच पुसतो.”

परसूला तो फोन आठवला. बेळ्ळंदूरच्या ऑफिसात समोर तीन लाल खुणा पेटल्या होत्या, मॅनेजर मागं उभा होता, आणि फोन खांद्यानं कानाशी धरून तो अर्ध्या मिनिटात ते वाक्य बोलला होता. बोलून विसरलाही होता.

सरांनी दिलेली जुनी डिस्क त्यानं आपल्या लॅपटॉपला लावली आणि पुसलेलं शोधणारा प्रोग्राम चालू केला. पडद्यावर आकडा आला: चार तास.

दीड तासात काय निघणार ते कळून चुकलं. त्या डिस्कवर फेब्रुवारीनंतर नवी ध्वनिमुद्रणं भरली होती, जुन्याच्या डोक्यावर नवं. दोन-दोन सेकंदांचे तुकडे सापडत होते. एक तुकडा त्यानं लावून बघितला. आधी खरखर, मग बाईच्या आवाजात ‘आणि मग त्या’ एवढंच, आणि पुन्हा खरखर. त्यानं प्रोग्राम चालू ठेवला, पण आशा सोडली. जेवणाचा डबा उघडून दोन चपात्या आणि वांग्याची भाजी खाल्ली. खाताना दुसऱ्या हाताला काही काम नव्हतं म्हणून सर्व्हरची साफसफाई तरी करावी, असं म्हणून त्यानं लॅपटॉपवर सर्व्हरचं स्वतःचं पान उघडलं. कुठल्या फोल्डरनं किती जागा खाल्लीय ते तिथं दिसतं.

सातवी मराठी: एकोणीस जीबी.

त्यानं उठून सरांच्या मॅकवर तोच आकडा बघितला. नऊ.

परसूनं हात धुतले. परत येऊन सर्व्हरच्या पानावर सातवी मराठीचं फोल्डर उघडलं. आत चार फोल्डरं होती. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या. दुसऱ्या घटकात दहा पाठ, तिसऱ्यात बारा. तारीख फेब्रुवारीची. कोणी काही पुसलं नव्हतं.

त्याला आनंद व्हायला हवा होता. पण आधी कावेरीच आठवली.

तो पुन्हा मॅकसमोर बसला. सर जेवायला घरी गेले होते. त्यानं फोल्डर बंद केलं, उघडलं, बंद केलं, उघडलं. चौथ्या वेळी नीट बघितलं तेव्हा दिसलं. उघडल्याबरोबर एका क्षणापुरती चार नावं येत होती, आणि पापणी लवते न लवते तोच त्यातली दोन नाहीशी होत होती. घाईत असलेल्या माणसाला ते कधीच दिसलं नसतं.

दोनच का? आणि तीच दोन का?

पहिल्या, चौथ्या. दुसऱ्या, तिसऱ्या. त्यानं ती नावं कागदावर लिहून काढली, शाळेत लिहायचा तशी. लिहिताना हात ‘ऱ्या’वर थांबला. दोन नावांत हे अक्षर होतं. दोन नावांत नव्हतं.

खात्री करायला त्यानं मॅकवरून ‘तिसऱ्या घटकाचे पाठ’ नावाचं नवं रिकामं फोल्डर केलं. एकाच जागी एकाच नावाची दोन फोल्डरं होत नाहीत. सर्व्हरनं मुकाट्यानं करून दिलं. सर्व्हरच्या पानावर आता एकाखाली एक दोन ‘तिसऱ्या’ होती. नजरेला अगदी सारखी, एक भरलेलं आणि एक रिकामं.

मग कावेरीचं मशीन. ते दाराजवळच्या टेबलावर तसंच होतं, वर जुनी ओढणी घातलेली. ऑफिसातलं एकमेव विंडोजचं, आठ वर्षांचं. चालू केलं, तर सर्व्हर सापडत नाही म्हणालं. हे मात्र परसूला बघताक्षणी कळलं. मार्चच्या आसपास आलेल्या एका अपडेटनंतर ते मशीन सर्व्हरशी जुन्या पद्धतीनं बोलायचं बंद झालं होतं. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये एक खूण बदलली की झालं. त्यानं ती बदलली. पाच मिनिटांत कावेरीच्या पडद्यावर सातवी मराठीचं फोल्डर उघडलं, आणि त्यात सगळं होतं. तिनं ज्या दिवशी ‘मी बघितलेत’ म्हणून सांगितलं, त्या दिवशी तिचं मशीन जोडलेलं असतं, तर तिथल्या तिथं प्रकरण मिटलं असतं.

त्यानं तिसऱ्या घटकातला पाचवा पाठ लावला. भार्गवीअक्कांचा आवाज आला. शांत, स्वच्छ, प्रत्येक विरामाला थांबणारा. मध्ये त्या एकदा खोकल्या आणि ‘माफ करा, हे वाक्य पुन्हा घेते’ म्हणाल्या. टेबलाच्या खणात कावेरीची वही होती. त्यात तिच्या गोल अक्षरात बावीस पाठांची नावं, प्रत्येकासमोर ‘सुरुवात ऐकली, शेवट ऐकला’. परसूनं बावीसच्या बावीस ओळी वाचून काढल्या.

सर आले तेव्हा त्यानं त्यांना तिथंच बसवलं आणि आवाज ऐकवला. सरांनी डोळ्यांवर हात घेतले.

“देवा. होते कुठं?”

“इथंच. सर्व्हरवर. फेब्रुवारीपासनं.”

“मग मला का दिसत नव्हते?”

परसूनं कागद पुढं केला. “हे ‘ऱ्या’ बघा. आपण ते एक अक्षर म्हणून लिहितो. तुमची जुनी मॅकची डिस्क ते दोन तुकड्यांत ठेवायची. आधी र, मग त्याखालचं टिंब वेगळं. वाचायला दोन्ही सारखंच. पण सर्व्हरला वाचता येत न्हाई, तो तुकडे मोजतो. त्याच्या हिशेबी ही दोन नावं वेगळी. आता तुमचा मॅक सर्व्हरकडं मागताना एकसंध अक्षरानं मागतो. सर्व्हर म्हणतो, ह्या नावाचं माझ्याकडं काय न्हाई. मॅक म्हणतो, बरं, आणि यादीतनं नाव काढून टाकतो. विंडोज असलं काय करत न्हाई, जसं नाव हाय तसंच मागतो. म्हणून कावेरीला सगळं दिसायचं.”

“एका टिंबापायी?” सर म्हणाले. मग हसले, सुटल्यासारखे. “चला! जूनच्या आधी होईल मग. सुधारायला किती वेळ लागेल?”

परसूनं आधी आपलं रिकामं फोल्डर काढून टाकलं. मग कावेरीच्या मशीनवर दोन्ही नावं खोडून हातानं पुन्हा टाईप केली. सरांच्या मॅकवर चार फोल्डरं येऊन थांबली, आणि राहिली. सगळं मिळून एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

“सर, कावेरीचं काय?”

“हो. तिला फोन करायला हवा.” सरांचं हसू ओसरलं. “करतो एकदोन दिवसांत. तिनं राग धरला असेल. तशी चूक कोणाचीच नाही म्हणा, तांत्रिक प्रकार.”

“चूक माझी हाय,” परसू म्हणाला. “फेब्रुवारीत तिनं मला फोन केलेला, डिस्क कशी कॉपी करू म्हणून. मॅकमधनं घाल म्हणायला पायजे होतं, मॅकनं अक्षर सरळ करून दिलं असतं. पण ते हळू चालतं, तिला मध्येच काय अडलं असतं तर मला इथवर यावं लागलं असतं. म्हणून म्हटलं, डिस्क सर्व्हरच्या पाठीमागं थेट लाव आणि बटण दाब. तिनं तसंच केलं. वर तुम्हाला सांगितलं, माणूसच पुसतो. आणि तीन वेळा येतो म्हणून आलो न्हाई.”

नंदकिशोर सर खुर्चीत मागं टेकले.

“मी विश्वस्तांना लेखी कळवलंय,” ते म्हणाले. “कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळं सामग्री नष्ट झाली, असं.”

“मग आता पण लेखीच कळवा.”

सरांनी पत्र लिहायला घेतलं. पहिल्या मसुद्यात ‘तांत्रिक कारणास्तव अनुपलब्ध असलेली सामग्री पुनश्च उपलब्ध झाली आहे’ असं होतं. परसूनं वाचून कागद परत दिला. “ह्यात तिचं नाव कुठाय?”

“सूचित होतंय की.”

“पहिल्या पत्रात पण सूचितच होतं, सर. तरी सगळ्यांना कळलं न्हवं?”

सरांनी चष्मा काढून पुसला. दुसऱ्या मसुद्यात त्यांनी लिहिलं, ‘श्रीमती कावेरी यांनी एकही फाईल पुसली नव्हती. त्यांचं म्हणणं पहिल्या दिवसापासून खरं होतं. ते तपासून न बघता त्यांना काढण्याचा निर्णय माझा होता.’ त्यांनी सही केली. मग म्हणाले, “एक प्रत तुम्ही नेऊन द्याल? मला आज तिच्यासमोर उभं राहवणार नाही.” परसूला रागवावंसं वाटलं, पण त्यालाही तेच वाटत होतं.

कावेरी चामराजपेटच्या एका लग्नपत्रिकांच्या दुकानात लागली होती. रविवारी दुकान उघडंच असतं, असं फोनवर तिनं कोरडेपणानं सांगितलं. परसू गेला तेव्हा ती काउंटरवर बसून एका पत्रिकेतली नावं तपासत होती. अडतिसाची असेल. जरा वाळली होती.

“बसा, अण्णा. स्वल्प थांबा, एवढं पान संपवते.”

पान संपल्यावर त्यानं तिला पत्र दिलं. तिनं ते दोनदा वाचलं. तो घाईघाईनं सगळं सांगत गेला. टिंब, दोन तुकडे, अपडेट, आपला फोन, आपलं वाक्य.

“बावीसच्या बावीस आहेत?” तिनं विचारलं.

“व्हय. सगळे.”

“पाचव्यात अक्का खोकतात.”

“ऐकलं मी.”

तिनं पत्राची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. “तुम्हाला सांगू का अण्णा, सुरुवातीला मला राग होता. सरांचा, तुमचा. नंतर तोही गेला. सगळेच म्हणतात म्हटल्यावर मलाच वाटायला लागलं, की मी पुसले असणार. भाजी चिरताना आठवत बसायची, कुठलं बटण दाबलं, कधी दाबलं. एकदा तर मला दिसायलाच लागलं, मी पुसताना. जे केलंच नाही ते दिसत होतं.”

“चुकलं माझं, कावेरी. मी त्या दिवशी यायला पायजे होतं.”

“बेळ्ळंदूर लांब आहे,” ती म्हणाली. हे तिनं माफ करून म्हटलं की नुसतंच, ते त्याला कळलं नाही. मग म्हणाली, “परत नाही यायची मी तिथं. सरांना सांगा. राग नाही म्हणावं. पण रोज त्या टेबलावर बसून पुन्हा कधी काही हरवलं, तर सगळे आधी माझ्याकडं बघतील. मीपण माझ्याचकडं बघेन.”

“सरी, ठीक हाय,” परसू म्हणाला.

ती उठली. मालकाला कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं आणि पर्स उचलली. “चला. अक्कांचं घर मागच्या गल्लीत आहे. ऑपरेशन झाल्यापासून मी एकदाही गेले नाही. त्यांचे पाठ घालवले आणि कुठल्या तोंडानं जाऊ, असं व्हायचं. समोरून दिसल्या की रस्ता बदलायची.”

भार्गवीअक्का दारातल्या खुर्चीत बसल्या होत्या. गळ्याभोवती पातळ पांढरा रुमाल, मांडीवर एक वही आणि पेन. कावेरीला बघून त्यांनी दोन्ही हात पुढं केले. कावेरी त्यांच्यापाशी खाली बसली, आणि परसूनंच थोडक्यात सांगितलं, की अक्कांचे बावीस पाठ हरवले होते आणि काल सापडले. अक्का चकित होऊन ऐकत होत्या. हरवले होते हेच त्यांना माहीत नव्हतं. सरांनी त्यांना कधी कळवलंच नव्हतं.

“अक्का, एक पाठ आणलाय फोनमध्ये,” परसू म्हणाला. “लावू?”

अक्कांनी मान हलवली. नको. वहीत लिहून त्याला दाखवलं: ‘मुलांना ऐकवा. मला पाठ आहे.’ मग पान उलटलं आणि कावेरीसाठी लिहिलं. अक्षर फळ्यावरचं असावं तसं मोठं आणि स्वच्छ होतं: ‘अडीच महिने तू का आली नाहीस?’

कावेरीनं डोळे पुसले आणि सांगायला सुरुवात केली. अगदी फेब्रुवारीपासून, डिस्क कपाटातून काढली तिथपासून. अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये, मागचं पुढं करत. अक्का मध्येच हात वर करून थांबवत, वहीत एक शब्द लिहून विचारत, आणि ती पुन्हा मागं जाऊन सांगे. परसू भिंतीशी स्टुलावर टेकून बसला होता. थोडा वेळ त्यानं ऐकलं. मग झोपेनं त्याची मान छातीवर पडली. कावेरीनं एकदा वळून बघितलं, आवाज जरा खाली आणला, आणि सांगत राहिली.